न झिजलेल्या नाण्याचे मोल

नाणे फिरण्यासाठी पाडलेले असते. हातातून हातात जाताना ते झिजते, त्यावरील मुखाचे नाक पुसट होते, अक्षरे बुजतात आणि शेवटी ते टांकसाळीच्या मुशीत परत जाते. चलनशास्त्राच्या दृष्टीने यात खेद करण्यासारखे काही नाही. नाण्याने आपले काम केले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु जगात आज असा एक बाजार भरभराटीस आलेला आहे की ज्यात काम केलेल्या नाण्याला किंमत थोडी आणि काम न केलेल्याला अफाट. प्राचीन ग्रीक नगरराज्यांनी पाडलेल्या चांदीच्या नाण्यांचा हा बाजार होय. अडीच हजार वर्षांपूर्वीचे एखादे नाणे जणू कालच ठशाखालून निघाले अशा स्थितीत लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या लिलावात आले, की बोली चढत जाते. त्याच शहराचे, त्याच काळातले, पण मंडईत आणि बंदरात झिजून गुळगुळीत झालेले नाणे मात्र त्या किमतीच्या लहानशा अंशावर विकले जाते.

हा धनिकांचा छंद, आपल्यासारख्या पगारदारांचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. प्राचीन नाणे ही 'पर्यायी गुंतवणूक' असल्याचे हल्ली आपल्याकडेही सांगितले जाते; मोठ्या शहरांतून नाण्यांची प्रदर्शने भरतात आणि तेथे गर्दी करणारे सगळेच काही लक्षाधीश नसतात. चांगल्या स्थितीतील नाण्याचा भाव कधी उतरत नाही, हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम त्यात घालावी की काय, असा विचार करणारा निवृत्त मनुष्य अगदीच काल्पनिक नव्हे. शिवाय हा माल कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. तो जमिनीतून येतो, आणि जमीन कोणत्या तरी देशाची असते. आपलीही.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की या नाण्यांचा मोह पडावा अशी ती आहेतच. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतील सिराक्यूज येथे किमॉन आणि युऐनेटस या ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी दहा ड्रॅक्मांच्या नाण्यांवर आपली नावे कोरली. चलनी नाण्यावर कारागिराने स्वाक्षरी करावी, ही गोष्ट इतिहासात विरळा. चार घोड्यांचा रथ आणि पोहणाऱ्या माशांच्या वेढ्यातील देवतेचे मुख एवढ्याशा वर्तुळात त्यांनी ज्या कौशल्याने बसविले, ते पाहून कोणाही रसिकाने थांबावे. कॉरिंथचा पंखधारी घोडा, इजायना बेटाचे कासव, अथेन्सचे घुबड ही चिन्हे आपापल्या शहरांची पत सांगत समुद्रभर फिरली. असे एखादे नाणे आपल्या तळहातावर असावे ही इच्छा काही पाप नव्हे. आणि आज जगातील संग्रहालयांत जे नाणेसंग्रह आहेत त्यांतील पुष्कळसे मुळात खाजगी संग्राहकांच्या चिकाटीतून उभे राहिले, हेही विसरता येणार नाही.

प्रश्न छंदाचा नसून छंदाच्या मोजपट्टीचा आहे. नाणे कोठे सापडले, कोणत्या नाण्यांबरोबर सापडले, यापेक्षा ते किती 'ताजे' दिसते यावर किंमत ठरू लागली, म्हणजे काय होते ते पाहावयाचे आहे.

त्यासाठी अथेन्सच्या घुबडाकडे थोडे बारकाईने पाहू. एका बाजूस अथीना देवीचे मुख, दुसऱ्या बाजूस घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची तीन अक्षरे, असे हे चार ड्रॅक्मांचे नाणे सुमारे सतरा ग्रॅम वजनाचे असे. इ. स. पूर्व ४०९ च्या सुमारास अथेन्सच्या टेकडीवर एरेक्थियन मंदिराचे बांधकाम चालू होते. त्याचे हिशेब दगडावर कोरलेले असून ते उपलब्ध आहेत. कुशल कारागिराची रोजची मजुरी त्यांत एक ड्रॅक्मा दिसते. म्हणजे हे नाणे चार दिवसांच्या घामाचे. ही चांदी येई ती लॉरियनच्या खाणींतून. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास तेथे धातूचा मोठा साठा लागला, तेव्हा मिळालेले धन नागरिकांत वाटून टाकावे असा विचार होता. थेमिस्टोक्लीजने तो मोडून काढला आणि त्या पैशातून युद्धनौका बांधविल्या. तीनच वर्षांनी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला, तो याच नौकांमुळे. सार्वजनिक गुंतवणूक विरुद्ध तात्कालिक वाटप हा वाद विद्यार्थ्यांना शिकविताना याहून चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही. मात्र ती खाण खणणारे हात गुलामांचे होते, ही दुसरी बाजू सांगितल्यावाचून तो पाठ पुरा होत नाही.

इ. स. पूर्व ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सच्या प्रदेशात डेसेलिया येथे कायमचे ठाणे दिले. थ्युसिडिडीज सांगतो की, त्यानंतर वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले. चांदीचा ओघ आटला. पुढे नगरावर अशी वेळ आली की, विजयदेवतेच्या मूर्तींवरील सोने उतरवून त्याची नाणी पाडावी लागली आणि तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढविलेली नाणी काढावी लागली. इ. स. पूर्व ४०५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'बेडूक' या नाटकात ॲरिस्टोफेनिसने त्यावर टोला हाणला आहे. नगराने खऱ्या जुन्या नाण्यांना बाजूस सारून हिणकस नवी वापरात आणली, तशीच सज्जन नागरिकांना दूर ठेवून हलक्यांना पुढे आणले, असे त्याचे म्हणणे. खोटे चलन खऱ्याला हुसकावून लावते हा सिद्धांत आपण ग्रेशॅमच्या नावाने शिकवितो. तो अथेन्सच्या प्रेक्षकांना विनोद म्हणून कळत होता.

यापुढची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९७० साली अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात एक शिलालेख मिळाला. त्यावर इ. स. पूर्व ३७५ च्या सुमारास नायकोफॉन नावाच्या नागरिकाने मांडलेला कायदा कोरलेला आहे. बाजारात सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी पारखी बसवावा, असे तो कायदा सांगतो. हा पारखी स्वतः सरकारी गुलाम. नाणे खरे असेल तर त्याने ते परत द्यावे, आत तांबे किंवा शिसे निघाले तर तेथल्या तेथे ते तोडून देवमातेच्या नावे जमा करावे. पारख्याने मान्य केलेले नाणे घ्यावयास जो व्यापारी नकार देईल त्याचा त्या दिवसाचा माल जप्त व्हावा, आणि पारखी आपल्या जागी बसला नाही तर त्याला पन्नास फटके. नाणे वाजवून घ्यावे असे आपण म्हणतो; अथेन्सने ते वाजवून देणारा माणूस कायद्याने बसविला, आणि त्याच्या शब्दापुढे धनवान व्यापाऱ्यालाही मान तुकवावयास लावली. फटके मात्र त्या गुलामाच्याच पाठीवर!

अथेन्सबाहेर अशी सोय नव्हती. इजिप्तमध्ये ग्रीक नाणे हे नाणे म्हणून नव्हे, निव्वळ चांदी म्हणून चाले. तेथील व्यापारी छिन्नीचा घाव घालून आत काय आहे ते पाहत. १९६८-६९ च्या सुमारास इजिप्तमधील अस्यूत येथे सुमारे नऊशे प्राचीन ग्रीक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील कित्येक नाण्यांवर असे खोल घाव आहेत. लिलावाच्या यादीत अशा घावाची नोंद दोष म्हणून होते. नाणे कितीही सुरेख असले तरी घुबडाच्या छातीवर छिन्नी बसलेली असेल तर त्याचा भाव एकदम खाली येतो. वास्तविक तो घाव म्हणजे परक्या मुलखातील एका अनोळखी व्यापाऱ्याने त्या नाण्याला घातलेला प्रश्न आहे आणि आतील शुभ्र चांदी हे त्याचे उत्तर. नाणे समुद्रापार गेले, संशयाने पाहिले गेले आणि कसास उतरले, याचा याहून अस्सल पुरावा कोणता असू शकेल? पण संग्राहकाला बंदा रुपया हवा असतो.

आता, अडीच हजार वर्षे न झिजता नाणे राहते तरी कसे? याचे उत्तर एकच: ते कोणी तरी पुरून ठेवले म्हणून. युद्ध आले, शहराला वेढा पडला, कर्जदार किंवा शत्रू दाराशी आला, की माणूस मडक्यात नाणी भरून अंगणात खड्डा खणतो. संकट टळले तर तो ती काढून घेतो आणि इतिहासाला त्याचा पत्ता लागत नाही. आपल्या हाती येतात ती न परतलेल्या माणसांची मडकी. ग्रीक नाणेसाठ्यांची जी मोठी सूची १९७३ साली प्रसिद्ध झाली तिच्यात सुमारे २४०० साठ्यांची नोंद आहे. प्रत्येक साठ्यामागे एक भयभीत घर आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, कारण काही साठे देवस्थानांचे आणि काही व्यापाराचेही असतात. पण पुष्कळांच्या बाबतीत ते खरे आहे.

साठ्याचे महत्त्व केवळ त्यातील नाण्यांच्या बेरजेइतके नसते. कोणत्या शहरांची नाणी एकत्र आली यावरून व्यापाराचे मार्ग कळतात. कोणती अधिक झिजली आणि कोणती कमी, यावरून कोणते आधी पाडले गेले ते ठरविता येते. एकाच ठशातून निघालेली किती, हे मोजून टांकसाळीच्या कामाचा अंदाज बांधता येतो. या सगळ्याला नाणी एकत्र राहणे आवश्यक असते. अस्यूतचा साठा विक्रेत्यांच्या हातून देशोदेशी पांगला होता. मार्टिन प्राइस आणि नॅन्सी वॅगनर या दोन अभ्यासकांनी पांगलेली नाणी एकेक करून शोधून त्यांतील ८७३ नाण्यांचे वर्णन १९७५ साली प्रसिद्ध केले, आणि प्रारंभीच्या ग्रीक नाण्यांचा कालक्रम त्यामुळे नव्याने तपासावा लागला. येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. विक्रेते आणि संग्राहक यांनी आपापली नाणी दाखविली नसती तर हे काम झाले नसते. बहुतेक साठ्यांच्या नशिबी मात्र असे परिश्रमी वाली नसतात.

१९८४ साली तुर्कस्तानात एल्माली या गावाजवळ धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने सुमारे १९०० चांदीच्या नाण्यांचा साठा उकरण्यात आला. अथेन्सचे दहा ड्रॅक्मांचे नाणे तोवर अत्यंत दुर्मिळ मानले जाई; या एका साठ्यात ती डझनाहून अधिक होती. साठा चोरून देशाबाहेर गेला, त्यातील मोठा भाग अमेरिकेतील एका धनाढ्य उद्योगपतीने व त्याच्या भागीदारांनी विकत घेतला, तुर्कस्तानने खटला भरला आणि १९९९ साली ती नाणी परत आली. हा शेवट गोड झाला असे म्हणावे, तर ज्यांनी प्रथम खड्डा खणला त्यांनी तेथे आणखी काय पाहिले, मडके कसे होते, भोवती घर होते की शेत, हे कोणत्याही न्यायालयाला परत मिळवून देता आलेले नाही. नाणी परत आणता येतात, खड्डा परत आणता येत नाही.

येथे अर्थशास्त्राचा साधा नियम लागू पडतो. ज्या गुणाला बाजार जादा किंमत देतो तो गुण पुरविण्याकडे पुरवठादार वळतो. बाजार ताजेपणाला पैसे देतो, आणि ताजे नाणे जमिनीखालीच असते; जुन्या संग्रहांतून पिढ्यान् पिढ्या हाताळलेले नाणे कितीही विश्वसनीय असले तरी त्याचा पुरवठा मर्यादित. तेव्हा रात्रीच्या वेळी शेतात यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला लिलावगृहातील बोलीच प्रत्यक्षात मजुरी देत असते. ती त्याच्या हाती पडते तेव्हा तिचा लहानसा अंश उरलेला असतो, हेही मधल्या दलालीची कोणतीही साखळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. आपल्या कांद्याच्या शेतकऱ्याची स्थिती फारशी वेगळी नाही. फरक इतकाच की, कांदा पुढल्या वर्षी पुन्हा येतो.

ताजेपणाचा दुसरा पुरवठादार म्हणजे बनावट नाणी पाडणारा. जर्मनीत कार्ल व्हिल्हेल्म बेकर नावाचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरीत असे. नवी पाडलेली नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाबरोबर डबीत घालून आपल्या घोडागाडीला बांधी आणि फेरफटका मारून येई, असे सांगतात. म्हणजे त्या काळी बनावट नाण्याला झीज आणावी लागे! आज ताजेपणालाच मोल आल्यामुळे बनावट करणाऱ्याचे तेवढे कष्ट वाचले आहेत. २०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे एका नाणेमेळाव्यात अमेरिकेतील एका नामांकित शल्यचिकित्सकाला अटक झाली. सिसिलीची अतिमोल नाणी त्याच्याजवळ होती आणि ती इटलीच्या भूमीतून नुकतीच चोरून काढलेली आहेत असे तो स्वतःच समजत होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासता ती नाणी बनावट ठरली. चोरीचा माल आहे या समजुतीनेच तो अस्सल मानला गेला, असा हा विलक्षण प्रकार. न्यायालयाने समाजसेवेबरोबरच नाण्यांच्या मासिकात या अनिष्टाविषयी लेख लिहिण्याची शिक्षा त्याला दिली. शिक्षा म्हणून लेख लिहावयास लावणारे न्यायाधीश आपल्याकडे असते तर विद्यापीठांतील संशोधनपत्रांची संख्या कोठे गेली असती, कोण जाणे.

विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, अशा बाजारात काय घडते याचे विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन केले, आणि २००१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. खऱ्या-खोट्याची शंका सर्वत्र पसरली की ग्राहक खऱ्यालाही खोट्याच्या भावाने मागू लागतो. यावर उपाय म्हणून नाण्यांना गुण देऊन ती प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबीत घालून देणाऱ्या संस्था निघाल्या. ठसा किती स्पष्ट उठला याला पाचपैकी गुण, पृष्ठभाग किती निर्मळ याला पाचपैकी गुण. आम्ही शिक्षक गुण देण्याच्या व्यवसायातलेच; तेव्हा गुण कशाला द्यावयाचे हे एकदा ठरले की विद्यार्थी कशाचा अभ्यास करतात, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. 'कोठे सापडले' या प्रश्नाला त्या डबीवर गुणच नाहीत.

गुंतवणुकीच्या युक्तिवादाविषयीही दोन शब्द. ज्याचा पुरवठा जमिनीखाली दडलेला आहे, आणि तो किती हे कोणालाच माहीत नाही, अशा वस्तूची दुर्मिळता ही उसनी दुर्मिळता असते. गेल्या काही वर्षांत अथेन्सच्या घुबडांची मोठी आवक बाजारात झाली आणि मध्यम प्रतीच्या घुबडांचा भाव नरमला. भूमीतून निघालेले एक मडके संग्राहकाच्या कपाटातील मूल्य एका रात्रीत उतरवू शकते. शिवाय मूळ देशांचे कायदे कडक होत चालले आहेत. युनेस्कोचा १९७० चा करार, अमेरिका आणि ग्रीस यांच्यात २०११ साली झालेला समझोता यांमुळे ज्या नाण्याचा पूर्वेतिहास कागदोपत्री सिद्ध होत नाही ते उद्या विकताच येणार नाही, अशी शक्यता वाढते आहे. ज्याला विकता येत नाही त्याला गुंतवणूक म्हणत नाहीत.

ग्रीक चांदीची ही कथा आपल्या दारापर्यंत येते, ती अशी. अलेक्झांडरनंतर बॅक्ट्रियात आणि पुढे पंजाबपर्यंत ग्रीक राजांनी राज्य केले. त्यांपैकी मिनँडर हा आपल्याला बौद्ध वाङ्मयातील मिलिंद म्हणून परिचित आहे. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरवृत्तात, भडोच बंदरात मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने ड्रॅक्मा अद्याप चालतात अशी नोंद आहे. म्हणजे राजा जाऊन पाऊणदोनशे वर्षे उलटली तरी नाणे फिरत होते. ड्रॅक्माचे संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि त्यातूनच आपला 'दाम' आला. 'दाम करी काम' म्हणताना आपण एक ग्रीक शब्द उच्चारतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. क्षत्रप नहपानाने याच परंपरेतील लहान चांदीची नाणी पाडली. त्यांवर राजाचे मुख असून लेख ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपींत आहे. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यांतील लेखात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे: दोन हजार कार्षापण शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने, आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च. हे पैसे पुरलेले नव्हते, कामाला लावलेले होते.

याच नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून त्यांचे वर्णन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचे चिन्ह! आजच्या गुणपत्रिकेत ही नाणी 'खराब' ठरतील. एका ठशावर दुसरा बसून दोन्ही धड वाचता येत नाहीत. पण महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एका मोठ्या सत्तांतराचा धातूत उमटलेला पुरावा हाच आहे. आणि तो पुरावा एकेका नाण्यात नसून त्यांच्या प्रमाणात आहे. सुमारे दोनतृतीयांशांवर नवा छाप बसला होता आणि बाकीच्यांवर नव्हता, हे साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच कळले.

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर, ज्या बॅक्ट्रियातून हे ग्रीक राजे आले त्या अफगाणिस्तानाकडेच वळले पाहिजे. १९४६ साली कुंदूझजवळ सहाशेंहून अधिक ग्रीक-बॅक्ट्रियन चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यात अमिंटस राजाची वीस ड्रॅक्मांची, सुमारे पंचाऐंशी ग्रॅम वजनाची प्रचंड नाणी होती. तो काबूलच्या संग्रहालयात ठेवण्यात आला आणि १९६५ साली फ्रेंच अभ्यासकांनी त्याचे सविस्तर वर्णन छापले. पुढे १९९० नंतरच्या यादवीत संग्रहालय लुटले गेले आणि नाणी गेली; पण ज्ञान राहिले, कारण ते आधीच छापले गेले होते. त्याच यादवीच्या काळात मीर झकाह येथील विहिरीतून काही टन वजनाची, लक्षावधी नाणी उपसली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती पेशावरच्या बाजारातून पोत्यांनी विकली गेली. त्यांतील देखणी नाणी आज कोणाच्या तरी मखमली खणात असतील, आणि त्यांखालच्या चिठ्ठीवर केवळ राजाचे नाव असेल.

संग्रहावर सरसकट बंदी घालावी असे माझे मत नाही. बंदीने बाजार मरत नाही, तळघरात जातो, आणि तेथे भाव वाढतो. मागणीची दिशा बदलणे हा खरा उपाय. ज्या संग्राहकाला आपल्या छंदाचा अभिमान आहे त्याने विक्रेत्याला प्रथम पावती मागावी, हे नाणे १९७० पूर्वी कोणत्या संग्रहात किंवा कोणत्या छापील यादीत होते ते विचारावे, आणि उत्तर नसेल तर ठसा पाचपैकी पाच असला तरी ते परत ठेवावे. त्याऐवजी त्याच किमतीत जुना, नोंद असलेला, थोडा झिजलेला आणि हवा तर छिन्नीचा घाव सोसलेला ड्रॅक्मा घ्यावा. आपल्या संग्रहाची छायाचित्रे आणि वजने अभ्यासकांना खुली करावीत. लिलावगृहे पूर्वेतिहासाला वेगळी किंमत देऊ लागली आहेत, हे सुचिन्ह आहे. ती किंमत अद्याप पुरेशी नाही.

दुसरी बाजू सरकारची, आणि तेथे आपले घर आधी तपासले पाहिजे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यान्वये गुप्तधन सापडल्याचे कळविणाऱ्याला, ते संग्रहालयाने घेतल्यास, स्वतंत्र समितीने ठरविलेला बाजारभाव मिळतो. सामान्यतः तो सापडविणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. त्याच्या जोडीला लहानमोठ्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना १९९७ पासून चालू असून नोंदींची संख्या दहा लाखांच्या पुढे केव्हाच गेली आहे. तेथेही चोर आहेत. परंतु प्रामाणिकपणा तोट्याचा नाही.

आपल्याकडे १८७८ चा गुप्तधन कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे, न कळविल्यास शिक्षा, असे तो सांगतो. आणि सरकारने ते धन स्वतःकडे घ्यावयाचे ठरविले, तर मोबदला किती? मूळ तरतुदीप्रमाणे धातूची किंमत आणि तिच्या एकपंचमांश अधिक. विहीर खणताना नहपानाच्या नाण्यांचे मडके लागलेल्या शेतकऱ्याने हा हिशेब करून पाहावा. सराफ धातूची किंमत त्याच दिवशी रोख देतो, प्रश्न विचारत नाही आणि संध्याकाळपर्यंत नाणी मुशीत जातात. चोरटा दलाल त्याहून किती तरी अधिक देतो. सरकार धातूची किंमत व वर वीस टक्के देते, तेही पंचनामा, चौकशी आणि कचेरीचे हेलपाटे झाल्यानंतर. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्यातीवर निर्बंध आणले, विक्रेत्यांना परवाना सक्तीचा केला. पण प्रथम ज्याच्या कुदळीला मडके लागते त्या माणसाचा हिशेब १८७८ मध्ये होता तेथेच राहिला. एकपंचमांशाच्या जागी नाणेतज्ज्ञांनी ठरविलेला बाजारभाव, आणि तो ठराविक मुदतीत देण्याचे बंधन, एवढी दुरुस्ती करावयास संसदेला फार तर एका दुपारचे काम पडेल.